पांढरीवरची सात घरे

गेल्या मार्गशीर्षात मी गावी गेलो तेव्हा तूर शेंगांवर आली होती, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती आणि हरभरा वीतभर वाढला होता. मुर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणारा रस्ता सोडून आमच्या फाट्याला वळल्यापासून गावाच्या वेशीपर्यंत पडीक म्हणता येईल असे एकही वावर मला दिसले नाही. वेशीच्या आत मात्र फक्त सात घरांत माणसे राहत होती. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, त्याच वेशीच्या आत नव्वदच्या वर उंबरे होते.

जुनी माणसे गाव म्हणजे काळी आणि पांढरी असे मानत. काळी ही पिकाची जमीन आणि पांढरी ही वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली गेली, पडली, पुन्हा त्याच जागी उभी राहिली. त्यांची माती, चुलीची राख आणि गोठ्यातला केर तिथेच मुरत गेला आणि सपाट काळ्या मुलखात गावठाणाची जागा पांढुरकी आणि पुरुषभर उंच झाली. आमच्याकडे काळी कधीच रिकामी पडली नाही. रिकामी झाली ती पांढरी. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गाव ओस पडले असे शहरात म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली, उजाड जमीन येते, आणि मग पुढचे सगळे बोलणे दुष्काळावर जाते. आमच्या गावाची गोष्ट तशी नाही.

आमचा मुलूख म्हणजे वऱ्हाडातला पायनघाट. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ, आणि मधून पूर्णा नदी पश्चिमेला वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. या सखल पट्ट्यात इतकी खोल आणि चिकण माती साचली आहे की विहीर खणताना दगड लागत नाही, आणि जे पाणी लागते ते खारे असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या भागाला म्हणूनच खारपाणपट्टा म्हणतात. ते पाणी पिकाला दिले तर दोन-चार वर्षांत जमीन चोपून घट्ट होते, पाण्याचा निचरा थांबतो आणि वावर हातचे जाते. म्हणून आमच्याकडे विहिरी असूनही शेती पावसावरच राहिली. पाऊस मात्र बहुतेक वर्षी पुरेसा पडे, आणि काळी माती तो असा धरून ठेवी की शेवटच्या पावसानंतर दोन महिन्यांनीही तुरीच्या मुळाशी ओल सापडे. पिकाच्या बाबतीत गाव गरीब नव्हते.

गाव गरीब होते ते पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत. गढीजवळच्या विहिरीचे पाणी ढोरांना, धुण्याला आणि सारवायला चाले. त्यात साबणाला फेस येत नसे, आणि घरच्या तुरीची डाळ घरच्या पाण्यात शिजत नसे. गोडे पाणी नाल्यात मिळे. नाला वाहता असेपर्यंत प्रश्न नव्हता, पण पौष लागला की तो आटे आणि मग बाया वाळूत झिरे उकरत. मी आजीबरोबर कितीतरी पहाटे गेलो आहे. ती गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू बाजूला करी, कोपरापर्यंत हात गेला की थांबे आणि वाट पाही. खड्ड्याच्या तळाशी आधी वाळूचा रंग गडद होई, मग एका कडेने पाणी पाझरू लागे, गढूळ असे. ते पहिले पाणी ती वाटीने काढून टाकी, दुसरेही टाकी, आणि तिसऱ्या वेळी साचलेले निवळ पाणी फडक्यातून हंड्यात घेई. एक हंडा भरायला पाऊण तास लागे. मला घाई होई आणि मी खड्डा आणखी खोल करू पाही, तेव्हा ती माझे मनगट धरी आणि म्हणे, "बापू, खोल नोको जाऊ, खारं लागन." पावसाचे गोडे पाणी वाळूच्या वरच्या थरात तरंगल्यासारखे असते आणि त्याच्या खाली खारे असते, ही गोष्ट मी पुढे पुस्तकात वाचली, आजीच्या हाताला ती ठाऊक होती.

त्या पाण्याचे घरात कडक नियम होते. पाहुण्याला तांब्या भरून द्यायचा, पण उरलेले पाणी अंगणात फेकायचे नाही, ते तुळशीला घालायचे. गोड्या पाण्याच्या माठाला लहान मुलांनी हात लावायचा नाही. डाळीला किती वाट्या आणि चहाला किती, हे ठरलेले असे.

पावसाळ्यात याच्या अगदी उलट हाल असत. तेव्हा गोडे पाणी पागोळीखाली भांडी मांडून मिळे, पण गावातून बाहेर पडणे अवघड होई. काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. दहा पावले टाकली की पायाखाली शेर-दीड शेर माती चिकटते, बारा पावलांनी चप्पल तुटते, म्हणून माणसे चपला हातात घेऊन चालत आणि सोबत काडी ठेवून मधून मधून तळवे खरवडत. पांदणीत बंडीची चाके आऱ्यांपर्यंत रुतत. माझ्या धाकट्या आत्याला बाळंतपणाच्या वेळी बाजेवर घालून सहा माणसांनी फाट्यापर्यंत नेले होते. ती वाचली, मूल वाचले नाही. त्या रात्री बाजेचा एक पाय धरणारे माझे वडील होते. पुढे आम्हा भावंडांना शहरात ठेवण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तेव्हा आजीने विरोध केला नाही, याचे कारण ती बाज असावी असे मला वाटते.

आमचे घर धाब्याचे होते. हाताहून रुंद मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर बल्ल्या, त्यांवर पऱ्हाट्यांचा आणि निंबाच्या पाल्याचा थर, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचे धाबे. उन्हाळ्यात आत गेले की उंबऱ्यावरच गारवा जाणवे. पण असे घर दरवर्षी माणसांची मेहनत मागते. मृग लागण्यापूर्वी गावाच्या टेकाडावरून पांढरी माती बंडीने आणायची, चाळायची, धाब्यावर पसरायची, पन्हाळीकडे उतार धरून चोपायची. पहिल्या पावसानंतर वडील आम्हाला वर चढवत आणि आम्ही ओळीने पाय घासत धाबे तुडवत असू, म्हणजे भेगा बुजत. शेणाचे सारवण आठवड्याला आणि भिंतींना पोतेरा सणाला. हे सगळे एका वर्षी चुकले तर घर गळते. दोन वर्षे चुकले तर तुळईचे टोक कुजते. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत आत बसते. सिमेंटचे घर बंद करून माणूस दहा वर्षे दूर राहू शकतो. मातीचे घर बंद करून जाणारा माणूस ते पाडून जातो, फक्त ते पडायला तीन पावसाळे लागतात.

गाव रिकामे कसे झाले असे मला कोणी विचारले तर मी ज्वारीपासून सुरुवात करतो. आमच्याकडे निम्म्या वावरात ज्वारी असे, तिच्या कडब्यावर ढोरे जगत आणि सकाळी आखरावर गोधन गोळा होई तेव्हा धुळीने सूर्य झाके. पुढे ज्वारी परवडेनाशी झाली. रानडुकरांचा त्रास वाढला, कणसे खुडायला मजूर मिळेना, बाजारात भाव नव्हता. लोकांनी कपाशी, मूग आणि तूर वाढवली, नंतर सोयाबीन आले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी ढोरे विकली गेली, ढोरे गेली तसे शेणही गेले, आणि शेण नसलेल्या गावात मातीचे घर टिकवणे अशक्य झाले. ज्यांच्या घरांना पुन्हा हात लावायची वेळ आली त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की नव्याने बांधायचेच तर इथे का बांधायचे. त्यांनी दर्यापूरला, मुर्तिजापूरला, अकोल्याला प्लॉट घेतले. शेत कोणी विकले नाही.

त्यात पोरांच्या लग्नांचा प्रश्न होता. खारपाणपट्ट्यात मुलगी द्यायची म्हणजे तिला जन्मभर हंडा वाहायला लावायचे, असे सोयरे तोंडावर सांगत. माझ्या दोन चुलत भावांची लग्ने शहरात खोली घेतल्यावरच जमली. शाळेत मुले कमी होत होत तीन उरली, आणि शाळा बंद झाली तेव्हा त्या तिघांच्या घरच्यांनीही बिऱ्हाड हलवले. जाताना कोणी रडारड केली नाही. एका रविवारी टेम्पो येई, कपाट, पलंग, जाते आणि देव त्यात चढत, आणि दाराला कुलूप लागे. जाणाऱ्याला वाटे की आपण दर आठवड्याला येऊच, आणि वावरापुरते तो येतही असे.

मुर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला गाडी आमच्या भागाची होती. शहात्तर किलोमीटरची ती अरुंद लोहवाट कापसासाठी घातलेली होती, पण आमच्या पिढीला तिने बाजारात, शाळेत आणि मामाच्या गावी नेले. आमच्या वावरातून तिचा धूर दिसे आणि धुऱ्यावर बसलेल्या बाया त्यावरून भाकरीची वेळ ठरवत. १९९४ साली वाफेचे इंजिन गेले आणि डिझेल आले. पुढे गाडीच बंद पडली. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून माणसे आजही मागणी करतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

शेवटी शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने गावात आले. तेव्हा वीसेक घरे उरली होती. पहिल्या दिवशी नळाला पाणी आले तो दिवस मी पाहिला नाही, पण मोठ्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, सांगितले की दोन म्हाताऱ्या नळाखाली हात धरून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. माझी आजी त्याआधी चार वर्षे गेली होती. पाणी वीस वर्षे आधी आले असते तर गाव राहिले असते असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. आता इतक्या ठामपणे म्हणत नाही, कारण नळ असलेली, डांबरी रस्ता असलेली गावेही रिकामी होताना मी पाहिली आहेत. तरी वीस घरांची सात होण्याऐवजी चाळीस घरांची तीस झाली असती, एवढे मला अजून वाटते.

महसुलाच्या कागदांत वस्ती उठलेल्या गावाला बेचिराग म्हणतात. हा फारसी शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा, आणि ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. बोलण्यात त्याचे बेचिराख झाले आणि त्याला राखेचा, जाळपोळीचा अर्थ चिकटला. आमच्या विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात आणि सातबाऱ्यावर ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ४३,६६३ गावांपैकी ४०,९५९ गावांतच वस्ती होती. म्हणजे बाकीच्या गावांना नाव आहे, शीव आहे, गट क्रमांक आहेत, फक्त माणसे नाहीत. आमचे गाव त्या यादीत अजून गेलेले नाही.

सकाळी आठच्या सुमारास मोटारसायकली येऊ लागतात. पन्नासेक तरी येतात. पाठीला फवारणीचा पंप, हँडलला डबा, आणि आता प्लॅस्टिकच्या बाटलीत घरचे पाणी. शेततळी झाली आहेत, त्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर हरभरा चांगला येतो, आणि काळीची मशागत माझ्या वडिलांच्या काळापेक्षा काही कमी होत नाही. दुपारी ही माणसे निंबाखाली जेवतात, गप्पा मारतात, आणि तेवढ्या तासाभरात वेशीजवळ गाव असल्यासारखे वाटते. सहा वाजता शेवटची मोटारसायकल फाट्याकडे जाते. हनुमान जयंतीला सगळे बायकापोरांसह येतात, भंडाऱ्याला चारशे पाने उठतात, आणि ज्यांची घरे मातीत मिसळली त्यांच्या मुली आपल्या लेकरांना हात करून "आपलं घर इथं होतं" असे दाखवतात. देवळाच्या रंगासाठी वर्गणी निघते. त्याच पैशातून पडलेल्या घरांच्या जागांवर खुणेचे दगड बसवावेत असे मी दोनदा सुचवले आहे आणि यंदा पुन्हा सुचवणार आहे.

या वेळी मी मोठ्या आईकडे राहिलो. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिचा मुलगा पुण्यात आहे, आणि ती तिकडे पंधरा दिवसांवर राहत नाही. रात्री आम्ही ओट्यावर बसलो होतो. अंधारात तिने बोट फिरवत सगळी आळी मला मोजून दाखवली: हे अमक्याचे, त्याच्या मागे सुताराचा वाडा, मग पेव असलेले घर, मग आपले. आपले म्हणताना तिचे बोट जिथे थांबले तिथे आता बाभळी आहेत. सातही घरांतले दिवे ओट्यावरून दिसत होते. प्यायला दिलेल्या तांब्यात माझे घोटभर पाणी उरले, ते तिने उठून तुळशीत ओतले.

झोपताना तिने वर पाहिले आणि म्हणाली, "पोरा, औंदा धाबं गळलं. माती टाकून देशीन का?" मी होकार दिला आहे. गावात आता बंडी नाही, म्हणून टेकाडावरची माती आणायला शेजारच्या गावातला ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा धाकटा भाऊ चार दिवस जाऊ आणि मृगाच्या आत धाबे चोपून घेऊ. पहिल्या पावसानंतर ते तुडवायलाही कोणीतरी लागेल, म्हणून मी माझ्या मुलीची सुटी त्याच सुमारास घ्यायला लावली आहे.