क्लच दाबूनही गाडी ओढते : दुरुस्तीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी मोटरसायकलला नवीन क्लच केबल बसवून थांबलो होतो आणि तेवढ्याने दोष जाईल अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही. इंजिन तापले की लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत राहते, पहिला गिअर पडताना मोठा ‘खट्’ आवाज येतो आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. इंजिन बंद केले की तेच न्यूट्रल पायाच्या हलक्या दाबाने लागते. या शेवटच्या फरकाने मला दिशा दिली. गिअरचे दात एकमेकांवर रेटलेले असतील तोवर ते सहज सुटत नाहीत, आणि क्लच अर्धवट धरून राहिला तर इंजिन तो रेटा चालूच ठेवते. त्यामुळे गिअरबॉक्स उघडण्याचा विचार मी बाजूला ठेवला.

खात्री करण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन गरम होऊ दिले आणि लिव्हर दाबून पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागचे चाक फिरू लागले. या क्लचच्या प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यामुळे अशा क्लचमध्ये चाक थोडे फिरणे स्वाभाविक आहे. पण मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक मुकाट्याने थांबायला हवे. माझ्या गाडीत ब्रेक लागताच इंजिनचा आवाज दबला आणि ते बंद पडण्याच्या बेतात आले. लिव्हरच्या बुडाशी प्ले (केबल ताणली जाण्यापूर्वीची मोकळी हालचाल) २ ते ३ मिलिमीटर होता, म्हणजे केबलची बाजू ठीक होती.

त्यानंतर ऑइल काढून उजवे कव्हर उघडले. या गाडीत पुशरॉड (प्रेशर प्लेटला ढकलणारी दांडी) डाव्या बाजूने येत असल्यामुळे कव्हर नसतानाही लिव्हर दाबून प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर बाकीच्या प्लेट दाबून धरणारी प्लेट, उचलली जाताना पाहता येते, आणि हीच सोय या कामात सर्वांत उपयोगी ठरली. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून मोजले तेव्हा प्रेशर प्लेट सरासरी १.५ मिलिमीटर उचलली जात होती. ऐकायला हे पुरेसे वाटते, पण आत पाच फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचा थर असलेल्या) आणि त्यांच्यामध्ये चार स्टील प्लेट आहेत, म्हणजे प्रत्येक फ्रिक्शन प्लेटच्या दोन बाजू धरून सुटायला हवेत असे दहा पृष्ठभाग आहेत. दीड मिलिमीटर दहा ठिकाणी वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.१५ मिलिमीटर येतात. हा हिशेब कागदावर मांडल्यावर क्लचकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली, कारण एखादी प्लेट पाव मिलिमीटर जरी वाकलेली असली तरी ती एकटी आपल्या दोन्ही बाजूंची जवळजवळ सगळी मोकळीक खाऊन टाकते.

प्रेशर प्लेट सरळही उचलली जात नव्हती; एका कडेला १.७ आणि समोरच्या कडेला १.३ असे माप आले. स्प्रिंग काढून व्हर्नियरने लांबी पाहिली तेव्हा एक स्प्रिंग इतरांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर आखूड निघाली. एकच बदलण्याऐवजी मी पूर्ण संच घेतला.

स्टील प्लेट जाड, सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पातींच्या संचाने) तपासल्या. दोन प्लेटखाली ०.०५ मिलिमीटरची पातही जाईना, पण उरलेल्या दोन प्लेटखाली ०.२० ची पात सहज सरकली. त्यांच्यावर निळसर डागही होते. त्या नक्कीच खूप तापल्या असणार. त्या बदलायच्या, हे तिथेच ठरले.

इथेच थांबलो असतो तर दोष काही दिवसांत परत आला असता, कारण खरे दुखणे क्लच बास्केटमध्ये, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या बाहेरच्या भांड्यात होते. फ्रिक्शन प्लेटचे कान बास्केटच्या उभ्या खाचांत बसतात आणि इंजिनचा प्रत्येक झटका त्या कानांमार्फत खाचेच्या भिंतीवर पडतो. बास्केट ॲल्युमिनियमची असल्याने भिंतीवर हळूहळू खळगे पडतात. बोटाचे नख खाचेतून वरून खाली ओढले तर ते पाच ठिकाणी स्पष्ट अडत होते. लिव्हर दाबली की प्लेट या भिंतीवरून बाहेर सरकायला हवी, पण तिचे कान खळग्यात अडकून राहतात आणि ती शेजारच्या प्लेटला चिकटूनच फिरते. मागे मी फ्रिक्शन प्लेट बदलल्या तेव्हा बास्केट काळजीपूर्वक पाहायला हवी होती. नव्या प्लेट त्याच जुन्या खळग्यांत जाऊन बसल्या होत्या.

खळगे खोल असतील तर बास्केट बदलणेच योग्य. माझ्या बास्केटचे खळगे उथळ होते, म्हणून बारीक सपाट कानस घेऊन प्रत्येक भिंत सारख्याच हाताने, फक्त कडा उतरेपर्यंत घासली. भिंत सपाट आणि खाचेच्या तळाशी काटकोनात राहायला हवी. एखादी खाच जास्त रुंद झाली तर भार उरलेल्या खाचांवर पडतो आणि क्लच खडखडू लागतो, त्यामुळे इथे घाई परवडत नाही. घासण्यापूर्वी बास्केट बाहेर काढली होती; नंतर ती रॉकेलने धुऊन, हवा मारून ॲल्युमिनियमचा कीस पूर्ण काढला. हबच्या (स्टील प्लेट ज्यावर बसतात त्या आतल्या भागाच्या) दातांवर खुणा नव्हत्या.

जोडताना फ्रिक्शन प्लेट रात्रभर ऑइलमध्ये भिजवल्या आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे कसले. आता दोन्ही कडांचे माप १.५ आणि १.६ येते. आधी कोणीतरी भरलेले जाड ऑइल पुन्हा न वापरता मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे, जेएएसओ एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) दर्जाचे ऑइल भरले.

इंजिन गरम असताना ब्रेकची चाचणी पुन्हा केली; चाक लगेच थांबते आणि इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही. न्यूट्रल उभ्या गाडीत पहिल्याच प्रयत्नात लागते. रात्रभर उभी राहिल्यानंतरचा पहिला गिअर अजून किंचित आवाज करतो. प्लेटमध्ये साचलेल्या थंड ऑइलमुळे तो येतो, म्हणून तो मी दोष धरलेला नाही. ३०० किलोमीटर झाल्यावर कव्हर पुन्हा उघडून घासलेल्या भिंती पाहणार आहे आणि नखाला काय लागते ते पुढच्या नोंदीत लिहीन.