सुटलंच ना आता?

"सहा महिने आत होता, म्हणजे हेरॉइन सुटलंच ना?" तुरुंगात असलेल्या मुलाच्या आईने आज विचारलं. सुटकेची तारीख जवळ आली म्हणून खुशीत होती बिचारी. तिचं ते "सुटलंच" काही डोक्यातून जात नाहीये.

सहा महिन्यांत तलफ मरत नाही, मरते ती शरीराची सहनशक्ती. बाहेर येऊन माणूस जुन्याच मापाने घेतो, श्वास मंदावतो, थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट!

अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, नाल्ट्रेक्सोन ही या व्यसनावरची तिन्ही औषधं सुरू केली. नुकत्याच सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत २६ होते, पुढच्या वर्षी तेवढ्याच काळात ९.

औषध देण्यात कसब आहे. ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिलं तर तेच हेरॉइन तुटल्याचा त्रास उसळवतं आणि माणूस पुन्हा त्याचं नाव काढत नाही. शेवटच्या हेरॉइननंतर साधारण १२ तास जाऊन जांभया, घाम, अंगदुखी दिसायला हवी. गोळी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. गिळली तर फारसा उपयोग नाही. तेवढा वेळ कुणीतरी समोर बसायलाच हवं, नाहीतर ती गालात लपवून बराकीत विकली जाते.

आणि सुटका शुक्रवारी संध्याकाळी झाली, बाहेरचं उपचार केंद्र सोमवारी उघडणार असेल, तर मधल्या दिवसांच्या गोळ्या आणि ओव्हरडोस उतरवणारं नालोक्सोन त्याच्या हातात कोण ठेवणार?