एका कपातला गहू, तीन वर्णपट

माझं मॉडेल पहिल्यांदा इतकं चांगलं आलं की मी तो आलेख प्रिंट काढून टेबलावर चिकटवला होता. गव्हातली प्रथिनं एनआयआरने, म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशाने, ओळखायचं गणिती मॉडेल. ठिपके सगळे कर्णावर, शिस्तीत, आर-स्क्वेअर (अंदाज आणि खरे आकडे किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८. महिन्याभरानं तो कागद मीच काढून टाकला. का, ते सांगते.

आधी थोडं यंत्राबद्दल. प्रथिनं मोजायची जुनी रीत केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाची, १८८३ पासूनची. दळलेला नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, अमोनिया ऊर्ध्वपातनाने बाहेर काढायचा, टायट्रेशन करायचं आणि आलेल्या नायट्रोजनला गव्हासाठी ५.७ ने गुणायचं. (म्हणजे आपण मोजतो नायट्रोजन आणि म्हणतो प्रथिनं. पिठात कुणी युरिया मिसळला तर केल्डाल त्यालाही आनंदाने प्रथिनं म्हणेल.) एनआयआरमध्ये आम्ल नाही, धूर नाही. कपात पीठ भरा, त्यावर ७८० ते २५०० नॅनोमीटरचा प्रकाश पाडा, परत किती आला ते बघा. कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला याची रेघ म्हणजे वर्णपट. ओ-एच, एन-एच, सी-एच हे बंध आपापल्या जागी प्रकाश गिळतात. मिनिटभरात काम होतं.

गंमत अशी की या पट्ट्यात काहीच स्वच्छ दिसत नाही. पाण्याचे उंचवटे १४५० आणि १९४० च्या आसपास चटकन ओळखू येतात, बाकी सगळं एकमेकांवर चढलेलं. कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात धान्यातल्या ओलाव्यावर काम केलं, तेव्हा त्यांनाही ही गुंतागुंत अनेक तरंगलांबी एकत्र घेऊन गणितानेच सोडवावी लागली. आपणही तेच करतो, फक्त हल्ली त्या गणिताला पीएलएस (पार्शियल लीस्ट स्क्वेअर्स) म्हणतो. म्हणजे यंत्राला प्रथिनं ‘दिसत’ नाहीत. केल्डालने दिलेले आकडे आणि वर्णपट यांची सांगड आपण घालून देतो.

त्यात पीठ नीट दळलेलं नसेल तर आणखी घोळ. एकदा मी एकच गहू दोन चाळण्यांतून दळून पाहिला. भरड पिठाची रेघ बारीक पिठाच्या रेघेच्या वर उचललेली, सबंधच्या सबंध. रसायन तेच, पण भरड कणांमध्ये प्रकाश जास्त खोल जातो आणि जास्त शोषला जातो. एसएनव्ही (प्रत्येक वर्णपटाची सरासरी आणि पसारा सारखा करणारी गणिती दुरुस्ती) लावल्यावर दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. कप भरतानाही हात सारखा लागत नाही, म्हणून मी प्रत्येक नमुना तीनदा भरून तीनदा मोजायची. कप रिकामा करायचा, ब्रशने पुसायचा, पुन्हा भरायचा.

आणि याच चांगल्या सवयीनं मला फसवलं.

नमुने १२०, स्कॅन ३६०. मी ते ३६० संगणकाला दिले आणि सांगितलं, यातले तीस टक्के चाचणीसाठी बाजूला काढ. त्यानं मुकाट्यानं काढले. चूक आली ०.२५ टक्के. मग नवे तीस नमुने आले आणि चूक एकदम ०.९ वर. दिवा बदलला, यंत्राची तुलनेसाठीची सिरॅमिकची टाइल पुसून पुन्हा मोजली, चक्की उघडून चाळणी फाटली का ते पाहिलं. शीतकपाटातून काढलेला नमुना गार असताना मोजला तर पाण्याचा उंचवटा सरकतो, म्हणून सगळे नमुने रात्रभर खोलीत ठेवून पुन्हा मोजले. फरक नाही.

शेवटी केल्डालचं काम बघणाऱ्या ताईंनी, ज्यांना पीएलएसशी काही देणंघेणं नाही, चहा पिता पिता विचारलं, “तीनदा मोजलेला नमुना एकाच बाजूला ठेवतेस ना गं?”

मी कप खाली ठेवला.

एकाच गव्हाचे दोन स्कॅन शिकवण्यात आणि तिसरा परीक्षेत. म्हणजे परीक्षेत आदल्या रात्री सोडवलेलंच गणित. नमुन्यानुसार वाटणी केली तेव्हा खरी चूक आली ०.६. नव्या नमुन्यांची ०.९ ती यापेक्षाही जास्त, त्याचं कारण तिथेच पडलेलं होतं: माझे १२० पैकी बहुतेक नमुने १० ते १२ टक्के प्रथिनांचे, आणि नव्यांत निम्मे १४ च्या वर. न पाहिलेल्या पट्टीत मॉडेल अंदाजाने बोलत होतं.

ताईंना मी दहा नमुने दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी, न सांगता पाठवले. त्यांच्या आकड्यांत सरासरी ०.२ चा फरक निघाला. ज्या आकड्यांवरून मॉडेल शिकतं तेच इतके हलत असतील, तर माझं मॉडेल ०.२५ वर कसं पोचणार होतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. (न सांगितल्याबद्दल त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.)

आता फाइलमध्ये पहिला रकाना नमुना क्रमांकाचा असतो आणि वाटणी त्याच्यावरूनच होते. आज सकाळी एका नमुन्याला यंत्रानं १५.३ दिलं आणि अंतराची (नमुना शिकवलेल्या नमुन्यांपासून किती लांबचा आहे याची) खूण लाल दाखवली. तो दळलेला डबा ताईंच्या टेबलावर ठेवलाय. या वेळी चिठ्ठीवर सगळं लिहून.