शून्य, एक, चार, सहा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भाताची सुगी उरकली की राजहंसगडाच्या पायथ्याला मोकळी, शांत जागा मिळते. डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो. एका ओळीत लावलेल्या माइकांवरून आवाज कुठल्या दिशेने येतो ते शोधायचं होतं; एकच आवाज दोन माइकांपर्यंत किती मागेपुढे पोचतो, त्यावरून दिशा कळते.

हजार हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंमीची, म्हणून तिच्या निम्मं, १७ सेंमी, हे आमचं एक घर. घराघरावर माइक लावायचा तर सात लागले असते. आम्ही मीटरभर पट्टीवर चारच बसवले, ०, १, ४ आणि ६ वर. जोड्या लावून बघा: १ ते ६ मधलं प्रत्येक अंतर मिळतं, आणि नेमकं एकदाच. १९६८ साली रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन मॉफेट यांनी अशा काटकसरीच्या मांडण्यांवर लेख लिहिला होता. मला ही मांडणी फार सुंदर वाटते.

स्पीकर उजवीकडे ३० अंशांवर ठेवला. आवाजाच्या दिशेला पडद्यावर एक सुळका दिसायला हवा. दिसले दोन! एक उजवीकडे ३० वर, दुसरा डावीकडे ३० वर, दोन्ही एकाच उंचीचे.

"सर, मोटारीच्या खोलीवरून आवाज परत यायलाय," एक मुलगी म्हणाली. खोली डावीकडेच होती. पट्टी तिथून लांब नेण्यात अर्धा तास गेला, सुळका हलेना. शिवाय प्रतिध्वनी मूळ आवाजाइतकाच जोरात कसा?

मग स्पीकर ४० अंशांवर सरकवला. डावीकडचा सुळका २१ वर आला. वहीत दोन्ही कोनांच्या साइन काढल्या: ०.६४ आणि उणे ०.३६. फरक एक. आधीचे ०.५ आणि उणे ०.५, तिथेही एकच. साइनमध्ये एकचा फरक असलेल्या दोन दिशा माइकांना सारख्याच दिसतात, ते त्यांच्यातली अंतरं पुऱ्या लहरींची असली की. म्हणजे माइकांमधलं सगळ्यात लहान अंतर अर्ध्या लहरीऐवजी पुऱ्या लहरीचं, दोन घरांचं, झालं होतं. १ वरचा माइक वगळला तर उरतात ०, ४, ६. सगळे सम!

तपासलं, तर त्याच माइकची तार सुटलेली. माझा प्रोग्राम प्रत्येक चॅनेल सारख्या ताकदीवर आणत होता, त्यामुळे मेलेल्या माइकची खरखरही जिवंत आवाजासारखी दिसत होती. समान करण्याआधी मूळ ताकद बघायला हवी होती. ती चूक माझी.

राखीव माइक ५ व्या घरावर लावला आणि १ ची तार मुद्दाम तशीच सुटी ठेवली. खोट्या सुळक्याची ताकद खऱ्याच्या चौथाईवर आली. अंतरांपैकी फक्त ३ घरांचं हरवलं.

तेव्हापासून पट्टीवर पाच माइक असतात. ६ चं अंतर मात्र अजूनही फक्त ० आणि ६ या दोघांकडूनच मिळतं. म्हणून निघण्याआधी त्यांच्या तारा मी स्वतः ओढून बघतो.