तुम्ही विचारलंत म्हणून : गॅस न पेटवता नाताळचा पाहुणचार

«तुझ्याकडे दर वर्षी 26 डिसेंबरला वीस-बावीस माणसं येतात, आणि तू एकदाही गॅसपाशी दिसत नाहीस. मग ते सगळं खायला येतं कुठून?» हा प्रश्न मला नेदरलँड्समध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबे विचारतात आणि माहेरची, म्हणजे वेंगुर्ल्याची, मंडळी फोटो पाहून विचारतात. फोनवर याचे उत्तर दोन वाक्यांत आटोपते आणि विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

मी ॲमस्टेलवेनला राहते. इथे नाताळची सुट्टी दोन दिवसांची असते. पहिला दिवस बहुतेक लोक आपापल्या घरच्यांबरोबर घालवतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे जाणे-येणे होते. आमच्याकडे त्या दुपारी निम्मे पाहुणे मराठी असतात आणि निम्मे शेजारपाजारचे डच. पहिल्या वर्षी मी अर्थातच बटाटेवडे आणि कांदाभजी करायला घेतली. इथले स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीतच असते आणि थंडीमुळे खिडक्या बंद असतात, त्यामुळे दुसऱ्या घाण्याला छतावरचा धुराचा भोंगा वाजू लागला आणि दारामागे टांगलेल्या सगळ्यांच्या कोटांना तळणीचा वास लागला. माणसे गप्पा मारत होती आणि मी त्यांच्याकडे पाठ करून झाऱ्याशी उभी होते. पुढच्या वर्षी मी ठरवले की या दिवशी काहीही शिजवायचे नाही आणि चीजवर भागवायचे.

यात मी काही शोध लावला असे नाही. डच माणसाच्या घरी वाढदिवसाला गेलात, तर खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, आधी केकचा एक तुकडा मिळतो आणि मग चीजचे चौकोनी तुकडे मोहरीच्या चटणीबरोबर फिरतात. आपल्याला प्रथम हा पाहुणचार फारच कोरडा वाटतो. पण विचार केला तर त्या तुकड्यामागचे काम दुसऱ्या कोणीतरी वर्षभर केलेले असते. आपल्याला फक्त ते बिघडवायचे नसते. माझा सगळा पाहुणचार या एका गोष्टीवर चालतो, आणि बिघडवण्याचे बहुतेक मार्ग मी स्वतः चालून पाहिलेले आहेत.

सर्वांत मोठी चूक तापमानाची. पहिल्या चीजच्या वर्षी मी सकाळीच सगळे कापून ठेवले, फ्रीजमध्ये रचले आणि पाहुणे दारात आल्यावर बाहेर काढले. तुकड्यांच्या कडा सुकून पिवळ्याजर्द झाल्या होत्या, आतला भाग साबणासारखा घट्ट होता आणि चव कसलीच नव्हती. थंड चीजमधील स्निग्धांश गोठलेला असतो आणि त्याचा वास सुटत नाही, म्हणून ते खाण्यापूर्वी पाऊण ते एक तास बाहेर हवे. आता मी तीन वाजता पाहुणे येणार असतील तर दोन वाजता चीज काढते, ते कापेपर्यंत त्याच्या कागदातच ठेवते, आणि कापलेले ताट ओल्या, घट्ट पिळलेल्या पंचाने झाकते. मऊ चीज मात्र दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देत नाही; उरले तर टाकून देते, जीव हळहळला तरी.

आता मुख्य चीज कोणते, ते सांगते. आपण ज्याला गौडा म्हणतो आणि इथले लोक घशातून ‘खाउदा’ म्हणतात, ते एकच चीज वयाप्रमाणे इतके बदलते की नवख्या माणसाला ही चार वेगळी चीज वाटावीत. साधारण चार आठवड्यांचे असते ते ‘योंग’, म्हणजे कोवळे. चारेक महिन्यांचे ‘बेलेखन’. दहा-बारा महिन्यांचे ‘औट’, म्हणजे जुने. आणि दीड वर्षाच्या पुढचे ‘ओव्हरयारिख’. कोवळे मुलांना आवडते आणि चौकोनी कापता येते. जुने कापायच्या फंदात पडू नये. ते सुरीखाली भुगा होते. बोथट सुरीचे टोक खुपसून हलके पिरगाळले की ते गुळाच्या ढेपेसारखे खडबडीत खड्यांनी सुटते, आणि तसेच ते चांगले लागते. या जुन्या चीजमध्ये दाताखाली कचकचणारे पांढरे कण सापडतात. एकदा आमच्याकडच्या पाहुण्यांनी खडा समजून ते सभ्यपणे रुमालात काढले होते. ते खडे नव्हेत आणि मीठही नव्हे. चीज मुरताना प्रथिने सुटी होतात आणि त्यांतील टायरोसिन नावाच्या घटकाचे स्फटिक बनतात. ते सापडणे ही चांगल्या मुरल्याची खूण आहे, हे मी आता ताट ठेवतानाच सांगून टाकते.

जुन्या गौडाबरोबर डच लोक सफरचंदाचा आटवलेला, काळसर, दाट पाक खातात. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले की कोणी कोल्हापूरहून काकवी आणली आहे. म्हणून पुढच्या वेळी मी खरोखरच काकवी ठेवली, आणि माझ्या मते ती त्या पाकापेक्षा सरस ठरली, कारण तिला उसाचा किंचित खारट, धुरकट स्वाद असतो. मोरावळाही चालतो, त्याच्या फोडी मात्र बारीक चिराव्यात. शेजारी मूठभर वेंगुर्ल्याचे काजू, आणि तेही न तळलेले.

मराठी पाहुण्यांना हमखास आवडणारे दुसरे चीज म्हणजे जिऱ्याचे. लायडन शहराच्या परिसरात जिरे घातलेले चीज फार पूर्वीपासून बनते, आणि उत्तरेकडच्या फ्रीजलंड प्रांतात लवंगा व जिरे घातलेले ‘नाखेलकास’ मिळते. नाखेल म्हणजे खिळा, आणि लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव. आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे पडके अवशेष आहेत, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. मसाल्यांच्या व्यापारासाठी आपल्या किनाऱ्यावर आलेल्या लोकांच्या देशात मी आता चीजमध्ये लवंग शोधत बसते, याची मला दर नाताळला गंमत वाटते. हे चीज मी पातळ पट्ट्यांत कापते, प्रत्येक पट्टीवर गोड लिंबाच्या लोणच्याची मिरीएवढी फोड ठेवते आणि खाकऱ्याच्या तुकड्यावर देते. लोणचे याहून जास्त घातले की नुसते लोणचेच लागते.

एवढ्यावरही कोणी «पण सणासारखं दिसायला नको का?» असे विचारतातच. दिसायला हवे, हे मान्य. पण त्यासाठी चीजमधून हिममानव कोरण्याची गरज नाही. माझ्याकडे सावंतवाडीचा लाकडी पोळपाट आहे. तो गोल आहे, त्याला पाय आहेत, त्यामुळे टेबलावर तो आपोआप उठून दिसतो. त्याच्या कडेने रोझमेरीच्या हिरव्या काड्या गोल मांडल्या, त्यांत डाळिंबाचे दाणे पेरले आणि मध्ये चीज ठेवले की इथल्या दारांवर नाताळात लावतात तसे हिरवे-तांबडे कडे तयार होते. एरवी त्यावर पोळ्या लाटल्या जातात, हे डच पाहुण्यांना सांगितले की त्यांना तो पोळपाट अधिकच आवडतो.

त्या मध्यभागी असते कॅमेम्बेअरची एक चकती. ही साधारण अडीचशे ग्रॅमची असते आणि हिच्याशी वागण्याची एक युक्ती आहे: हिला थंड असतानाच कापावे. सुरीने आडवी कापायला गेलात तर आतले मऊ चीज पात्याला चिकटते आणि वरची साल फाटते. त्याऐवजी सुरीने कडेभोवती एक उथळ खाच पाडावी, त्या खाचेत शिवणाचा जाड, कोरा, पांढरा दोरा बसवावा, टोके समोर एकमेकांवरून घ्यावीत आणि सावकाश ओढावीत. उकडलेले अंडे दोऱ्याने कापतात, तसेच. चकतीचे दोन सारखे थर सुटतात. खालच्या थरावर जाडसर कुटलेले अक्रोड, चिरलेला मोरावळा आणि चिमूटभर मिरपूड पसरावी, वरचा थर झाकावा, हलक्या हाताने दाबावे आणि मग तास होईपर्यंत बाहेर ठेवावे. तासाने आतले चीज मऊ होऊन सारणाला धरते आणि केकसारखे त्रिकोणी तुकडे करता येतात. वरची पांढरी साल खायची असते. ती चीजवर मुद्दाम वाढवलेली बुरशी आहे, हे मात्र मी खाऊन झाल्यावर सांगते.

बकरीच्या दुधाच्या मऊ चीजचे मी लाडू वळते. अडीचशे ग्रॅम चीजमध्ये सुपारीएवढे वीस लाडू होतात. हात गार पाण्याने ओले करून भराभर वळावेत आणि सुक्या खोबऱ्याच्या लसूण चटणीत घोळवावेत. आंबट चीज आणि तिखट चटणी यांचे असे काही जमते की हे ताट सर्वांत आधी रिकामे होते. घोळवण्याचे काम मात्र पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधीच करावे. आदल्या रात्री केले तर चटणी पाणी ओढून घेते, लाल ओघळ येतात आणि लाडू जखमी दिसतात.

काकडीच्या चकत्यांवर चक्का ठेवायचा, हे मी एका शेजारणीमुळे करू लागले. तिने मला एकदा ‘हांगऑप’ नावाचा जुना डच पदार्थ करून दाखवला, आणि पाहते तर काय, सुती कापडात दही बांधून टांगून ठेवलेले! नावाचा अर्थही टांगून ठेवण्याशीच निगडित आहे. ते लोक त्यात साखर आणि फळे घालून गोड खातात. म्हणजे श्रीखंडाच्या अर्ध्या वाटेवर थांबतात. मी त्यात किसलेले जिऱ्याचे चीज, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालते. मीठ चीजमध्ये असतेच, वरून घालू नये, नाहीतर काकडीला पाणी सुटते. मोझरेलाचे छोटे गोळे, चेरी टोमॅटो आणि तुळशीच्या जातीचे बेसिल टूथपिकवर ओवणे सर्वांना माहीत आहे, तेव्हा एवढेच सांगते की गोळे आधी कागदावर कोरडे करा.

आता थोडी नाजूक गोष्ट. एका वर्षी पुण्याहून आलेले आमचे काका त्या दिवशी घरी होते. ते माळकरी. त्यांनी पोळपाटाकडे पाहून शांतपणे विचारले, «यात दूध आणि मीठ याखेरीज काही असतं का गं?» मला उत्तर ठाऊक होते आणि ते द्यायची लाज वाटली. दूध गोठवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की काम होते. इथे तसा ठिपका सक्तीचा नाही, त्यामुळे बारीक अक्षरांत ‘स्ट्रेमसल’ हा शब्द शोधावा लागतो आणि त्याच्याआधी सूक्ष्मजीवांपासून केल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे लागते. अस्सल पार्मेजानो रेज्जानोमध्ये तर वासराचेच रेनेट असते, त्यामुळे तिथे शोधण्याचा प्रश्नच नाही. काकांनी त्या दिवशी काजू आणि द्राक्षे खाल्ली आणि एका शब्दानेही मला बोलले नाहीत, ते मला अधिक लागले. तेव्हापासून शाकाहारी रेनेटचे चीज आणि चक्का वेगळ्या ताटात, वेगळ्या सुरीसह ठेवते आणि ताटाजवळ मराठीत चिठ्ठी लावते. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर कच्च्या दुधाचे मऊ चीज आणतच नाही. युरोपात कच्चे दूध वापरले असल्यास वेष्टनावर तसे लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा हे शोधायला सोपे जाते.

किती आणावे, हेही नेहमी विचारले जाते. पुढे जेवण असेल तर माणशी साठ ग्रॅम पुरते, म्हणजे वीस जणांना सव्वा किलो. मी पूर्वी तीन किलो आणत असे, कारण ताट रिकामे दिसता कामा नये हा आपला संस्कार. आता पोळपाट लहान ठेवते आणि दोनदा भरते. दुसऱ्यांदा भरलेले चीज ताजे कापलेले असते, हा त्यातला फायदा.

आणि उरलेले? कडक चीज कागदात गुंडाळून डब्यात ठेवले की आठवडाभर सहज टिकते. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले तर त्याला घाम सुटतो. अर्थात जुन्या गौडाचा तो प्रश्न येतच नाही. त्याचे दोन-चार खडे मी पाहुण्यांना दिसणार नाहीत असे मागच्या फळीवर ठेवलेले असतात, आणि 27 तारखेला सकाळी घरातले उठायच्या आत, ओट्याशी उभ्याउभ्याच, चहाबरोबर खाऊन टाकते.