याबेशचे सात दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून. बायबल अभ्यास संपला की चपला शोधता शोधता कुणीतरी हटकून विचारतंच : अम्मोनी लोकांचा राजा नाहाश याने वेढा घातल्यावर याबेश-गिलाद या इस्राएली गावचे लोक "आमच्याशी करार कर, आम्ही तुझी ताबेदारी करू" असं म्हणाले तरी कसे? देवाचा धावा का केला नाही?

नाही केला. 1 शमुवेलच्या 11व्या अध्यायात त्यांची प्रार्थना नाही. पण बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचलाय का? मिस्पाच्या सभेला आले नाहीत म्हणून इस्राएलाने 12,000 माणसं धाडून हेच गाव कापून काढलं, 400 कुमारी तेवढ्या राखल्या आणि बन्यामीन वंशाच्या पुरुषांना बायका म्हणून दिल्या. असल्या भाऊबंदांना हाक मारायची?

एकेकाळी मीही त्यांना भेकड म्हणायचो. तोंडाने नुसतं नाही, फळ्यावर लिहून. मग आमच्या कारखान्याला टाळं लागलं. कमिटीत मी होतो. मालकाची अट होती, निम्मा हिशेब घ्या आणि केस मागे घ्या. आम्ही आठ दिवस मागून घेतले. पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले, "बघतो" म्हणाले. एका जुन्या फिटरने विचारलं, "आठ दिवसांत कोण येणारेय?" मी म्हणालो, "येईल कुणीतरी." कुणी आलं नाही. आठव्या दिवशी पहिली सही माझी. माझं पेन उठेना, तर मॅनेजरने स्वतःचं पुढे केलं. घेतलं मी.

त्यानंतर वर्गात हा अध्याय आला तेव्हा मी सरळ बाराव्यावर गेलो.

ताबेदारी त्यांना कबूल होती. अडलं ते उजव्या डोळ्यापाशी : प्रत्येकाचा उजवा डोळा काढीन, ही नाहाशाची अट. जुना यहुदी इतिहासकार जोसेफस याने कारण दिलंय : डावा डोळा ढालीआड जातो, उजवा गेला की माणूस लढाईतून बाद. वडीलजनांनी इस्राएलात मदत मागायला सात दिवस मागितले, नाहाशाने ते दिले. त्याची मिजासच तेवढी. बैलांमागून शेतातून येणारा शौल, इस्राएलाचा पहिला राजा, ही बातमी ऐकून पेटून उठला, तेव्हा याबेशकरांनी नाहाशाला निरोप धाडला, "उद्या आम्ही तुमच्याकडे बाहेर येऊ." इब्री भाषेत बाहेर येणं म्हणजे शरण येणंही आणि लढाईला निघणंही. भेकड माणसाला असं बोलणं सुचतं?

की आमचे आठ दिवसही डावपेच ठरावेत, म्हणून मला तसं दिसतं? असेलही. शौल मेल्यावर हीच माणसं रात्रभर चालून गेली आणि शत्रूने बेथ-शानच्या भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रेत काढून आणलं. शूर म्हणा. पण करार मागितला तोही याच गावाने, आणि तेव्हा शौल यायचा होता.