एम-२५ ला ३१.६ का?

सेकंड इयरच्या एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, प्रॉबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स आलं की सिव्हिलची मुलं एकच बेत करतात: सूत्रं पाठ करायची, झेड-टेबल बघायला शिकायचं, मार्क घ्यायचे आणि विसरायचं. मला मात्र अख्ख्या वर्षात हाच भाग सगळ्यात जवळचा वाटला. कारण डिप्लोमानंतर मी एका रेडी-मिक्स प्लँटच्या लॅबमध्ये काम करून मग डिग्रीला आले होते.

लॅबचं काम म्हणजे मुख्यतः क्यूब, ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे. १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्याला आतून तेल लावायचं, काँक्रीट तीन थरांत भरायचं, दर थराला १६ मिलिमीटरच्या सळईने किमान ३५ वेळा ठोसायचं, वरून थापीने सपाट करायचं. दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब पाण्याच्या टाकीत. २८ दिवसांनी मशीनखाली. एम-२५ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब पेलणारं काँक्रीट; त्याचा क्यूब ५६२.५ किलोन्यूटनला पोचला की २५ गाठले. आकडा त्याच्याही पुढे चढत राहतो, मग कडांचे पापुद्रे सुटायला लागतात आणि एकदम आवाज होऊन आकडा थांबतो. नीट भरलेला क्यूब चारही बाजूंनी सुटतो आणि मधे डमरू उरतो.

एम-२५ चं मिक्स डिझाइन करताना, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी, पाण्याचं प्रमाण ठरवताना, सगळे ताकदीचं लक्ष्य ३१.६ धरायचे. २५ हवेत तर ३१.६ कशाला? विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आयएसमध्ये (भारतीय मानकात) तसंच दिलंय.’

एम-थ्रीच्या तासाला मॅडमनी नॉर्मल कर्व्ह काढला, डाव्या शेपटीतला ५ टक्के भाग खडूने भरला आणि सीमेवर लिहिलं १.६४५. माझ्यासाठी तिथेच उत्तर होतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमधली एम-२५ ची व्याख्याच अशी आहे की चाचणीचे ५ टक्क्यांहून जास्त निकाल २५ च्या खाली जाणं अपेक्षित नाही. सरासरीच २५ वर आणली, तर निम्मे निकाल खाली जातील. म्हणून सरासरी इतकी वर न्यायची की फक्त शेपटी खाली राहील. स्वतःच्या चाचण्यांचे पुरेसे निकाल हातात नसतील, तर एम-२५ साठी स्टँडर्ड डेव्हिएशन (निकाल सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४ धरायला कोडने सांगितलंय. २५ अधिक १.६५ (फळ्यावरचे १.६४५ च) गुणिले ४, म्हणजे ३१.६. तेच सिमेंट, तीच खडी, तोच माणूस, तरी आकडे सारखे येत नाहीत. पावसानंतर वाळू ओली येते, टीएम (काँक्रीट नेणारा ट्रान्झिट मिक्सर) ट्रॅफिकमध्ये अडकतो. हा सगळा फरक त्या ४ मध्ये मावलेला असतो.

दुसरा धागा मला हॉस्टेलवर सापडला. एका नमुन्यात तीन क्यूब, त्यांची सरासरी म्हणजे एक निकाल. असे लागोपाठ चार निकाल घेऊन त्यांच्या सरासरीला आयएस ४५६ एक अट घालतं आणि त्या अटीत ०.८२५ हा विचित्र गुणक येतो. सॅम्पल मीनचं स्टँडर्ड डेव्हिएशन मूळच्या भागिले रूट एन, हे त्या दिवशी वर्गात झालं होतं. चाराचं वर्गमूळ २, म्हणजे चार निकालांच्या सरासरीचा पसारा निम्मा. सरासरी १.६५ एस (एस म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन) इतकी वर आहे, त्यातून १.६५ एसचं अर्धं वजा करा: ०.८२५ एस! वहीत तीन ओळींत आलं हे. त्या रात्री मी रूममेटला उठवून दाखवलं. तिला कॉम्प्युटरचा पेपर होता, तरी बिचारीने ऐकून घेतलं.

लहान नमुन्यांसाठीचं टी-डिस्ट्रिब्युशनही असंच कामातून आलेलं. १९०८ मध्ये ते मांडणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहायचा. मोजकेच नमुने हातात असताना किती खात्रीने बोलायचं, हा त्याचा प्रश्न होता. साइट नवी असताना आमचाही तोच असतो, कारण स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला कोड किमान ३० निकाल मागतं.

आता जे मनाला लागतं ते. कमी आलेला क्यूब ‘भरताना चुकला असेल’ म्हणून रजिस्टरमध्ये चढवायचाच नाही, हे मी पाहिलंय. एखादा आकडा गाळला तर काय बिघडतं, असं वाटतं. पण खालचे आकडे गेले की सरासरी वर चढते, एस खाली येतो आणि पुढचं मिक्स त्याच खोट्या एसवर डिझाइन होतं. एम-३० ला एस ५ असेल तर लक्ष्य ३८.२५, ४ दाखवला तर ३६.६. मधल्या फरकाचं सिमेंट वाचतं आणि ५ टक्क्यांची शेपटी कुणालाही न सांगता जाड होते. स्लॅबखाली राहणाऱ्या माणसाला आपण जो शब्द दिला, तो इथे मोडतो. वर्गात हे सांगायला हवं, फासे आणि पत्ते थोडे कमी झाले तरी चालतील.

मी सांगलीची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी आमच्याकडे लहान मुलंही विचारतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही पाहिलेत. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की लोकांना वाटतं, आला एकदा, आता निर्धास्त. पण त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, मागच्या वर्षी काहीही झालेलं असो. ५० वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ५० वा घात, सुमारे ०.६०५. म्हणजे नदीकाठच्या घराला पन्नास वर्षांत निदान एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. हे गणित मी बाबांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी विजेच्या मीटरची जागा वर घ्यायचं ठरवलंय.

लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, साइटचं आणि पार्टीचं नाव झाकून, कंपनीला विचारून, क्यूब रजिस्टरच्या जुन्या पानांचे फोटो तुमच्या कॉलेजच्या गणिताच्या सरांना-मॅडमना पाठवा. फेल गेलेल्या क्यूबसकट. आमच्या मॅडमनी मागून घेतलीत, पुढच्या बॅचला हिस्टोग्राम त्यावरूनच काढायला देणार आहेत.